दुधाचं कापड

नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटं.
ज्योतिषानं चिठ्ठीवर तेवढंच लिहून दिलेलं,
आणि तिच्या आईचं विमान पहाटे उतरलं कोलंबोला,
कुवेतहून, सहा वर्षांनी.
दोन बॅगा, एक मिक्सर, ब्लीचनं सोललेले हात.

पोरुवा भाड्याचा. केगल्लच्या दुकानातून टेम्पोत आणला,
एक खांब डुगडुगतो,
त्याच्याखाली मी पुठ्ठा सारलाय, दुमडून.
चारी कोपऱ्यांत पितळी घट, नारळाचे तुरे.
उजवा पाय आधी, असं म्हणेपर्यंत
हसरेलीनं डावा ठेवलासुद्धा.

मी मामा. करंगळ्या बांधणं माझ्याकडे.
रोज अंधारात रबराच्या झाडांना चरे देणारा माणूस;
पेरांत वाळलेला चीक साबणालाही दाद देत नाही.
सोनेरी दोरा त्यालाच चिकटत राहिला.
गाठ बसली ती बहुधा त्यामुळं.
मग केंडीच्या तोटीतून पाणी,
दोन करंगळ्यांवरून खालच्या ताटलीत.
मुली जयमंगल गाथा म्हणत होत्या,
एकीला ठसका लागला, बाकीच्यांनी सावरून घेतलं.

मग कापड.
पांढरं, कोऱ्या घडीचं, विड्याच्या पानांवर.
जावई ते सासूपुढे धरतो:
पाजलेल्या दुधासाठी.
फेडलं असं कुणी म्हणत नाही.

कुसुमलता उठली. माझी धाकटी.
आठ महिने पाजलं तिनं, मग एजन्सीची बस.
पुढचं दूध पावडरचं,
डब्यावर कुठल्याशा परक्या गाईचं चित्र,
पैसे हिचे, चमचा थोरलीचा,
रात्रीचं उठणंही थोरलीचंच.

तिनं कापड घेतलं आणि बसली नाही.
खुर्च्यांच्या रांगांमधून थेट मागे गेली,
जिथं सीलवती दूधभाताच्या वड्या पाडत होती,
पदर खोचलेला, हातात सुरी.
"वेडी आहेस का? लोक बघतायत."
"बघू देत."
एकीनं पुढे केलं, दुसरीनं ढकललं,
घडी सुटली,
आणि कापड इतकं लांब असेल असं मला वाटलं नव्हतं.
फोटोग्राफर म्हणाला, पुन्हा एकदा घेऊ या.
कुणी हललं नाही.

नारळ तीन मिनिटं उशिरा फुटला.

कुसुमलता पौर्णिमेच्या आत परत गेली.
कापडावर हळदीचा की रश्शाचा डाग पडला होता,
सीलवतीनं धुऊन टाकलं
माझ्या रबराच्या ओल्या शीटांच्या दोरीवर.
संध्याकाळी काढायला गेलो,
तर हात लावल्याशिवाय
कुठलं काय, कळेना.