दुसरी किल्ली

ओडील मिशोने औषधांच्या कपाटाची दुसरी किल्ली
माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा सप्टेंबर सरत आला होता.
बटाट्याच्या काढणीसाठी शाळा बंद,
मुलं आरूस्टुकच्या शेतांत,
आणि रिकाम्या इमारतीत आम्ही दोघी
एका संत्र्यासमोर.

"टोच," ती म्हणाली.
टोचलं.
संत्र्याला काही झालं नाही.
माझ्या गुडघ्यांना झालं.

मी ऑफिसातली बाई. एकोणीस वर्षं
हजेरी, दुधाचे पैसे, उशिरा आलेल्या बसच्या सबबी.
रक्त दिसलं की मी खिडकीकडे बघते.
हे तिला सांगितलं, तर म्हणाली,
"बघ की. मग परत इकडे बघ."

तिच्या वाट्याला तीन शाळा, नऊशे चाळीस मुलं
आणि एक जुनी सुबारू; तिच्या मागच्या सीटवर
उवांच्या फण्या, नाकातून रक्त आलेल्या कुणाचा तरी स्वेटर,
आणि एक अर्धं सँडविच,
जे मी सोमवारी पाहिलं
आणि गुरुवारीही.
गाव म्हणायचं, ओडील आहे ना.
ओडील होतीच.
बावीस मैल पलीकडच्या शाळेत.

दोन वर्षं ती बोर्डापुढे उभी राहिली.
मागितली होती दुसरी नर्स.
मिळाली कॉर्लिस, अकरा ते दोन,
पट्ट्या, बर्फाच्या पिशव्या, पोटदुखीची खरी-खोटी.
आणि मिळाले मी,
जी आधीपासून तिथेच बसलेली.

तीनदा तिच्यासमोर करून दाखवलं.
चौथ्यांदा ती नसल्याचं नाटक:
ती दाराबाहेर,
काचेतून मला दिसत होता फक्त तिचा कान.

"मोजणं, देणं, लिहिणं तुझं.
मूल आज निराळं दिसतंय का, हे माझं.
ते मला कुणाला देता येत नाही. तसं वाटलं तर फोन कर."
"आणि चुकलं तर?"
"चुकलं तर कागदावर माझंही नाव आहे."
हे म्हणताना तिने पेनाचं टोपण
लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

जानेवारी. बर्फ काढणारी गाडी आलीच नव्हती.
तिसरीतला रेमी स्वतःच्या पायांनी आला,
जॅकेट उलटं, कपाळ ओलं,
आणि कधी नव्हे तो माझ्यावर खेकसला.
बोट टोचलं. बावन्न.
मी खिडकीकडे बघितलं. नुसतं पांढरं.
मग परत इकडे.

ज्यूस. घड्याळ. पंधरा मिनिटं.
एकोणीस वर्षं मी घंटा वाजवतेय,
पण पंधरा मिनिटांना एवढी पोकळी असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
फोनवर ओडील एवढंच म्हणाली, "मी ऐकतेय."
मग बोलली नाही.
तिच्या गाडीचा इंडिकेटर टकटक करत राहिला
रेमीच्या घोटांच्या मधल्या जागेत.

अठ्ठ्याऐंशी.
रेमीने विचारलं, द्राक्षाचा नाहीये का?

ती पोचली तोवर तो क्रॅकर खात होता.
मी उठले, सगळं तिच्या हवाली करायला.
तिने दारातूनच त्याच्यावर एक नजर टाकली,
तीच, देता न येणारी,
त्याच्या ओठांवरून बोटांपर्यंत, सावकाश.
आणि मग बर्फाच्या बुटांनिशी
ती माझ्या खुर्चीत बसली.
"तुझं लिहून होऊ दे. फोन मी घेते."

फोन घेतला. दुसऱ्याच शाळेचं नाव सांगितलं.
भलतंच बटण दाबलं
आणि सुपरिंटेंडेंटना तोडून टाकलं.

मी लिहिलं: वेळ, आकडा, ज्यूस, आकडा.
खाली सही.
ती इतकी तिरकी आली की माझी मलाच ओळखू येईना.
ओडीलने माझ्या डब्यातलं सूप पुढे ओढलं.
अजून वाफ होती त्यावर.
ती थांबली, जणू कुणाची परवानगी हवी होती,
मग प्यायला लागली.

फोन परत वाजला. तेच असणार.
आम्ही दोघींनी
तो थोडा वेळ वाजू दिला.