दहा ग्रॅम

टॉवेलच्या कारखान्यातून चिंध्या मिळतात,
फुकट, पण पोतं आपणच उचलायचं.
साखर पेठेत, बंद पडलेल्या मागाच्या खोलीत
आम्ही मंगळवारी बसतो. सातजणी, कधी पाच.

कातर नरसूबाईकडे. चाळीस वर्षं तिनं
पत्र्याच्या मापावर तेंदूची पानं कापली, चौकोनी.
आता तोच हात गोल कापतो,
पेन्सिल न लावता.

आत रुई, आणि मोहरी.
नुसत्या रुईनं ब्लाउज वर चढतो,
चालताना खांदा एका अंगाला जातो.
हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.
इरव्वानं सांगितलं, अर्धं कन्नडात,
स्वतःचा पदर बाजूला सारून.

मी आले तेव्हा दारातच उभी राहिले.
कारखान्यात चेकर विड्या पारखायचा:
सैल, वाकडी, फुटकी – छाट.
बोटानं ढकलायचा, मोजायचा नाही.
बार्शीहून परतल्यावर आरशात
मला तो एकच शब्द दिसायचा.
कसं वाटतंय, असं इथं कुणी विचारलं नाही.
शमीमनं किराण्याचा तराजू पुढं ओढला,
"बोल, किती भरू? लाजू नको गं,
इथं सगळ्यांचंच माप वहीत आहे."
मी हसले. चार महिन्यांनी.

आम्ही कुणाला बरं करत नाही.
पहाटेच्या एसटीला सोबत जातो,
तोंड आलेलं असलं की मऊ भात, बिनतिखटाचा,
फाइल हरवली तर शोधतो, रडली तर रडू देतो.
पुष्पाचा नवरा आधी खालीच थांबायचा, रिक्षात.
हल्ली वर येतो. सुयांत दोरा ओवून देतो,
मान वर न करता.

वहीत यल्लव्वाचं नाव आहे.
तीनशे दहा, डावी बाजू.
शिवून तयार होतं. न्यायला सून आली,
नि उंबऱ्यातच म्हणाली, आता नको.
आम्ही ते उसवलं नाही. डब्यात ठेवलं.

परवा एक पोरगी आली, बँकेतली,
ओढणी दोन्ही हातांनी धरून.
डबा उघडला. तिला तीनशेच हवं होतं.
इरव्वानं एक टाका सोडला,
दहा ग्रॅम मोहरी चहाच्या बशीत ओतली,
पुन्हा टाका घातला, दोरा दातानं तोडला.

पोरगी गेली. जिन्यात तिची चाल ऐकली, सरळ.
बशी खिडकीत आहे.
ती मोहरी अजून कुणी
फोडणीला नेली नाही.