पान अडतीस

खुर्ची ओढ, वार्तान. ती नको, तिचा पाय हलतो.
हं. दाखव आता तुझं मासिक.

एकोणीसशे छप्पन. किंमत पंचवीस सेंट.
पिना गंजल्यात, त्यांचा तांबूस डाग
थेट इंजिनाच्या फोटोत उतरलाय.
आणि ही अडतिसाव्या पानावर आमची गाडी,
बत्तीस सालची फोर्ड, छप्पर तीन इंच कापून खाली घेतलेलं,
मडगार्ड काढलेले,
उन्हात उभी, फोटोतल्या नवरदेवासारखी अवघडून.

खाली छापलंय : मालक ऑर्व्हिल ट्रॅमल, ऑइलडेल, कॅलिफोर्निया.
रंग काळा.

काळा!

तू म्हणतोस, सांगाडा नेब्रास्कात सापडला,
खुराड्यात, सीटच्या जागी कोंबड्या अंडी घालायच्या.
तू म्हणतोस, मधल्या कुणा शहाण्याने
वाळूचा मारा करून पत्रा असा घासला
की रंगाचा कण उरला नाही.
आणि तुला सगळं जसंच्या तसं हवंय,
पान अडतीससारखं.

पानासारखं हवं असेल तर करड्या रंगात रंगव, बाबा.
पानावर सगळंच करडं आहे. आकाशसुद्धा.

इथे बघ, फोटोच्या डाव्या कडेला.
भिंग घे. ही सावली नाही, बोटं आहेत.
दोन.
माझी.
फोटोग्राफर म्हणाला, बंपरवर उजेड कमी पडतोय,
घरात पांढरी चादर आहे का?
अर्धा तास चादर ताणून उभी होते मी,
वारा ती फुगवायचा आणि तो खेकसायचा,
हलू नका, मिसेस ट्रॅमल.
तो उजेड छापून आला. आम्ही दोन बोटं.

छप्पर ऑर्व्हिलने कापलं, कबूल.
वेल्डिंग त्याच्या भावाचं, त्यानेच त्यात भुवई जाळून घेतली.
रंग मी केला.

लग्नाआधी तीन उन्हाळे फ्रेझ्नोला
अंजिराच्या शेडमध्ये होते मी, तुमच्याच लोकांकडे,
तुझ्या आजोबांच्या बागेतलेही असतील काही.
काळं अंजीर काळं नसतं, तुला सांगायला नको.
सकाळी त्यावर निळसर धूळ असते,
अंगठ्याने पुसली की खालून जांभळं,
आणि देठापाशी फाटलं तर आतून जवळजवळ लाल.
मला ते तिन्ही हवे होते, एकाच दारावर.

ट्रॅक्टरचा मरून, त्यात शेगडीचा काळा,
त्यात ब्राँझची पूड. किती?
अंदाजपंचे. मोजून कोण स्वयंपाक करतं?
एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर
ती एकशे सत्तावीस मैलांच्या वेगाने गेली,
मागे धुळीची भिंत, आणि टोकाला
वळताना एकदाच, ऊन तिरकं लागून,
जांभळी.
कुणी पाहिलं नाही. सगळे घड्याळ बघत होते.

मासिक आलं तेव्हा मी म्हटलं, पत्र लिही त्यांना.
तो म्हणाला, कोण वाचतंय, व्हर्ना,
आणि वीस प्रती घेऊन आला.
एकोणसाठला गाडी विकली. त्याची दाढ, थकलेलं भाडं,
आणि मला जुळं झालं होतं.
रडलो वगैरे नाही. डायपर खूप होते.

डबा संपवायचा म्हणून उरलेला रंग...
तू आत येताना फाटकापाशी
माझ्या पत्रपेटीला ठोकता ठोकता वाचलास ना?
चल. काठी दे. किल्ली आहे तुझ्याकडे?
दाराच्या आतल्या बाजूला खरवड, तिथे ऊन लागत नाही.
हा पांढरा, गेल्या ईस्टरचा.
हा हिरवा.
हा नारंगी धाकटीने निवडला होता, मला कधी आवडला नाही.
अजून. हळू, पत्रा पातळ आहे.

थांब.
थुंकी लावून पूस.

बोलू नकोस काही.

घेऊन जा पेटी. तुमच्या दुकानात यंत्र आहे ना,
रंग ओळखणारं, त्याला दाखव.
बघू त्याला अंजीर कळतं का.
पण जाण्याआधी या खांबावर काहीतरी ठोकून जा,
साधा डबाही चालेल.
गुरुवारी पेन्शनचा चेक येतो.