हळूची खूण

सोहारच्या बंदरावर, बारा नंबरच्या क्रेनखाली
महिनाभर मी जमिनीवर होतो.
चिठ्ठीत लिहिलेलं: औषध अंगवळणी पडेपर्यंत उंचीवर काम नको.
खलफाननं ती वाचली, घडी करून खिशात ठेवली
आणि मला स्लिंगा तपासायला बसवलं.
विचारलं काहीच नाही.

वरच्या काचेच्या केबिनमधून
समुद्र हल्ली फार जवळ वाटायला लागला होता.
तेवढंच सांगतो.
डॉक्टर हनानना सगळं सांगितलंय.
"विचार वाढले तर त्याच दिवशी ये.
नंबर लावू नकोस."

पहिले आठ दिवस डाळीचा वास सोसेना.
जीभ टाळ्याला. रात्रभर एसीची घरघर मोजायची,
म्हणून गोळी सकाळी, खुबूस खाऊन झाल्यावर.
"बरं वाटायच्या आधी बिघडतं म्हणे," मी मुबीनला म्हटलं.
"म्हणजे प्लंबरच की," परकार म्हणाला,
आणि माझ्या शेल्फवरचा खोकल्याचा पाक उचलून
आपल्या ट्रंकेत टाकला.
"हा आधी दाखव बाईंना. गोळीबरोबर चालतो का ते विचार."

पत्रकात सातव्या ओळीला एक गोष्ट आहे,
ती वैजूला फोनवर अजून सांगितलेली नाही.
सुट्टीला दोन महिने आहेत.
हनानबाईंना मी मान खाली घालून विचारली.
त्या मान वर ठेवूनच बोलल्या,
उपाय असतात म्हणाल्या.

सहाव्या आठवड्यात चहाला चव आली.
मग काय, बरा झालो!
गोळ्या ड्रॉवरमध्ये.
चौथ्या दिवशी मान वळवली की
डोक्यात वेल्डिंगची ठिणगी,
आणि मार्केटमध्ये कांद्यांच्या ढिगासमोर
मी उगाच रडलो. कांदे कापलेलेही नव्हते.

"आठ टनांचे पाइप तू वरून एकदम सोडतोस?"
हनानबाईंनी विचारलं.
"नाही."
"मग?"
मग काही बोललो नाही.
"उतरवायची वेळ येईल तेव्हा दोघं मिळून उतरवू.
थोडी थोडी. अजून नाही.
आणि एखादा दिवस चुकला तर
दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत."

आता परत वर आहे, नव्या चिठ्ठीवर.
घाम पूर्वीपेक्षा जास्त येतो, पाण्याच्या बाटल्या दोनाच्या चार.
खाली खलफान
एका तळहातावर दुसरा स्थिर धरून
हळूची खूण करतो.
कधी कधी हुकाला
काहीच नसतं तेव्हाही.