वर्णानुक्रमे

गाडीत बसायच्या आधी विबर्लीबाईंनी विचारलं,
"घोंगडी घेतलीस?"
घेतली होती. दोन घेतली होती.
डर्बीचा एप्रिल मला पासष्ट वर्षं ओळखतो
आणि ओळख दाखवतो ती कानाच्या पाळीवर.

फाटकाशी लेन फ्रॉगॅट.
पास न बघताच म्हणाला, "अजून आहात म्हणायचे!"
ही त्याची दरवर्षीची थट्टा,
आणि हजेरीसुद्धा.

आम्हीही मग मनातल्या मनात हजेरी घेतो:
साइटस्क्रीनजवळचा हिरवी टोपी आलाय,
डबेवाला आलाय, त्याचा डबाही,
रेडिओवाल्या जुळ्या बहिणींतली एकच दिसतेय.
क्षणभर दोघंही गप्प.
(दुसरी गाडी लावायला जागा शोधत होती.)

सहा महिने मिटलेल्या खुर्च्या
उघडताना कुरकुरतात.
पॅव्हेलियनच्या खिडकीतून जवसाच्या तेलाचा वास,
नवा रंग, ओला रोलर,
आणि मैदानाच्या मधोमध ती एकच फिकट पट्टी,
नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखी.

बाईंनी मला सातवीत गणित शिकवलं.
आता त्या शहाऐंशीच्या. माझ्या बेरजा अजून तपासतात.
मांडीवर वही, तीन पेन्सिली:
काळी आपल्यांसाठी, लाल त्यांच्यासाठी,
हिरवी पावसासाठी.
हिरवी सगळ्यात आखूड.

टॉस हरलो. यात बातमी काही नाही.

पर्समधून त्यांनी पेपरचं कात्रण काढलं,
वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं:
गुणतक्ता.
सामने शून्य, विजय शून्य, गुण शून्य,
सगळ्यांचे.
म्हणून छापणाऱ्यानं नावं लावली वर्णानुक्रमे,
आणि 'डी'च्या आधी कुणीच नसल्यामुळे
सर्वांत वर आम्ही.

"एकोणचाळीसावं," बाई म्हणाल्या.
"एकोणचाळीस वर्षं पहिला नंबर.
दुसऱ्या कुठल्या काउंटीला जमलंय?"
"आणि सप्टेंबरातला तक्ता?"
"तो कशाला? तो तर सगळ्यांना पाठ असतो."

अकरा वाजता नवा पोरगा धावत आला,
नॉर्मंटन रोडवरच्या बेकरीवाल्याचा धाकटा, सरमद.
वय एकोणीस. शर्ट एक माप मोठा.
बाप स्टँडात उभा, हातांना पीठ नव्हतं
तरी तळवे झटकत होता.
अख्खं मैदान, म्हणजे आम्ही दोनशे माणसं,
त्याच्यासोबत आत श्वास घेऊन थांबलो,

आणि चेंडू गेला लेगच्या बाहेर, फार बाहेर,
यष्टिरक्षकाने आडवा होऊन कसाबसा अडवला.

पंचाचे दोन्ही हात पसरले.
कुणीतरी मागे पुटपुटलं, "झाला सुरू हंगाम."
बाईंनी लाल पेन्सिल उचलली.
वाइडची खूण बेरजेच्या चिन्हासारखी असते,
मला पन्नास वर्षांत हे कधी दिसलं नव्हतं.
हंगामातली पहिली खूण: अधिक.
अधिक काय, ते पुढे कळेल.

पुढे एक झेल सुटला, दुसऱ्या स्लिपमध्ये,
त्याला वहीत खूणच नसते.
बाई तरी समासात बारीक काहीतरी लिहितात
आणि मला दाखवत नाहीत.
पुढे सरमदने एकाला पायचीत केलं असतं,
आम्ही दोनशेही ओरडलो, त्याचा बाप सर्वांत आधी,
पंच मात्र सूर्य शोधत असल्यासारखा वर बघत राहिला.

बारा चाळीसला गारा.

आवरणं आली, खेळाडू गेले,
डबेवाल्याने डबा उघडला: अंड्याचे सँडविच.
आम्ही घोंगड्यांखाली बसून राहिलो
तीन तास, हिरव्या पेन्सिलीसकट.
खेळ होत नसताना घरी जायचं असतं
हे इथे कुणाला कधी शिकवलंच नाही.

चार वाजता घोषणा झाली. आजचा खेळ संपला.
त्यांच्या एक्केचाळीस, बिनबाद.

गाडीत ओल्या लोकरीचा वास. हीटर गेल्या हंगामापासूनच बंद.
बाईंनी काच पुसली, हिशेब केला:
"सामना सोमवारपर्यंत. तोवर गुण नाहीत कुणाला.
म्हणजे अजून तीन दिवस आपणच वर."

मी गाडी सुरू केली.
"उद्या किती वाजता?"
"साडेनऊ. आणि मोजे दोन घाल,
आज तू एकावरच आलास, मी पाहिलंय."