मागे उघडलेली खिडकी

चिंचोळी एमआयडीसी, शेड नंबर अकरा.
पंपाची कंट्रोल कार्डं तपासणारं यंत्र,
त्याचा पडदा मी बांधला. खिडक्या सात.
एकीत व्होल्टेजची हिरवी रेघ,
एकीत तापमान, एकीत बारकोड,
एक नुसती नोंदींची, मुंगीएवढ्या अक्षरांची.
बाकीच्या तीन मला आवडल्या म्हणून.
साखर पेठेतल्या आमच्या खोलीला खिडकी एकच,
तीही शेजारच्या मागाकडे उघडणारी.
उघडली की ताटात कापसाची पूड.

शनिवारी दोनशे चाळीस कार्डं रॅकला लावली
आणि कुलूप घालून घरी गेलो.
ऑटोमॅटिक आहे म्हटलं.
सोमवारी बघतो तर
यंत्र पहिल्याच कार्डावर उभं,
आणि मोठ्या खिडकीच्या पाठीमागे
एक बारकी खिडकी,
पंगतीत कुणी वाढलंच नाही अशा पाहुण्यासारखी,
छत्तीस तास विचारत बसलेली :
पुढे जाऊ का?

व्यंकम्मा बोद्दूल हसली नाही.
वीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात कांड्या भरून आलेली बाई.
म्हणाली, "सर, ह्या सगळ्या खिडक्या
तुम्ही तरी बघायलाय काय?
मी तर रिलेचं टकटक ऐकायलेय.
थांबलं की मान वर करते.
शनिवारी रात्री ऐकायला कोण होतं?"

घरी वडिलांना विचारलं,
चार माग एकटे कसे सांभाळायचात?
"चार म्हटल्यावर दोनांकडे पाठ आलीच.
धागा तुटला की आवाज बदलतो,
मग वळायचं."
मग त्यांनी विचारलं, तुझं काय अडलंय?
मी म्हटलं, दोन धागे एकात एक गुंतलेत,
मोजणारा आणि दाखवणारा.
एक थांबला की दुसराही थांबतो.
त्यांना कॉम्प्युटर चालू करता येत नाही.
बोटं हवेत जराशी हलली.
"मग बीमच नीट भरलेलं नाही. उसवून घे."

उसवलं.
एप्रिल, चव्वेचाळीस अंश, पत्र्याखाली,
कूलरमधलं पाणी दुपारीच संपलेलं.
धागे वेगळे केले.
प्रत्येक धाकट्या खिडकीला थोरलीचं नाव लावलं,
तिच्यापाठी जाऊन उघडायचं नाही,
उत्तरासाठी कुणाला थांबवायचं नाही.
नापास कार्ड बाजूला ठेव, पुढे चल,
आणि एकदाच, मोठ्यानं, ओरड.
माझ्या आवडीच्या तीन खिडक्या मिटवल्या.
तिसरी मिटवताना जरा वेळ लागला.

आता दिवसभर पडद्यावर एक करडी खिडकी,
आणि तिच्यात बहुतेक वेळ काहीच घडत नाही.
पुण्याहून आलेले साहेब म्हणाले,
पैशाच्या मानानं फारच रिकामं दिसतंय.
व्यंकम्मा पुढचा रॅक भरत होती,
कान तेवढे यंत्राकडे.

परवा पाहिलं तर
उजव्या कोपऱ्यात, काचेवरच,
तिनं बालाजीचं स्टिकर लावलंय.
बरोबर त्याच्याखाली माझं 'थांबवा'चं बटण.
काढा म्हणायला तोंड उघडलं,
मग बसलो,
आणि बटण डावीकडे नेलं.