कस

सात ग्रामपंचायती, एक शेड.
खानापूरच्या सभागृहात नकाशा पसरलाय,
उडू नये म्हणून कोपऱ्यांवर चहाचे कप.
पेन्सिल फिरते: गायरान, नाल्याकाठ, शाळेमागची पड.
जिथं टेकते तिथला मेंबर उभा राहतो,
'आमच्यात नको. वारं आमच्याकडंच येतं.'

मी इतिवृत्त लिहितो.
ऐकायचं मराठीत, उतरायचं कानडीत,
मधे माझा हात.
कागदावर 'घनत्याज्य',
बोलताना नुसतं 'कस'.
हसी कस, ओण कस,
ओला नि सुका.
दर वेळी तो शब्द आला की पेन अडतं.
आमच्या घरी कस म्हणजे
चिमटीत माती चुरडून
वडील बघायचे, ते.

अडीचला यल्लूबाई आत आली,
कचरागाडीची किल्ली कमरेला.
बोलावलं कुणीच नव्हतं.
'वासाचं मला विचारा की!
सात गावांचा वास घेऊन मी रोज फिरते.
टाकायला जागा देईनात,
म्हणून संक्रांतीपासनं ओलं सगळं
माझ्याच परड्यात ओततेय.'
आणि पिशवीतला दोडका काढून
तिनं नकाशावर ठेवला.
चांगला हातभर.
तीन गावांच्या हद्दी त्याच्याखाली गेल्या.

थोडा वेळ फक्त पंखा बोलला.

ठराव पुढच्या बैठकीवर ढकलला.
कप, चोथा, बिस्किटांचे कागद
एकाच बुट्टीत गेले.
इतिवृत्तात दोडका नाही;
त्याला कुठला मुद्दा क्रमांक द्यायचा?
तो साहेबांच्या ड्रायव्हरनं
घरी नेला.